कीर्ती आणि ओलीस

'टोटल वॉर: शोगुन २' (२०११) हा संगणकीय खेळ आम्ही दोघे प्राध्यापक आवडीने खेळतो. खेळ सुरू होतो १५४५ मध्ये. जपानमधील सामुराई घराणी क्योतोवर डोळा ठेवून झुंजत असतात. सर्वांशी एकाच वेळी लढणे परवडत नाही. म्हणून एकाशी व्यापार, दुसऱ्याशी सोयरीक, तिसऱ्याकडे आपला मुलगा ओलीस, अशी वैरांची मांडणी करावी लागते. परंतु आपली कीर्ती ठरावीक मर्यादेपलीकडे वाढली, की बहुतेक घराणी, कालचे मित्रदेखील, आपल्याविरुद्ध उठतात. शोकांतिकेतील नायकाचे भाग्यच त्याचा घात कसा करते, हे वर्गात समजावताना आम्हांला आता हाच नियम आठवतो.

आम्हांला अस्वस्थ करते ते मात्र वेगळेच. ओलीस मुलगा येथे करारातील एक कलम असतो. आम्हीही तो क्षणात देऊन टाकतो. १६०३ मध्ये शोगुन झालेल्या तोकुगावा इएयासूचे बालपण ओदा आणि इमागावा घराण्यांकडे असेच ओलीस म्हणून गेले होते. त्या मुलाला काय वाटले असेल, हे खेळाला विचारावे लागत नाही. कादंबरीकाराला मात्र तो प्रश्न टाळता येत नाही.