साडेतीन मिनिटांची भैरवी

‘ही आलापी आपल्याला काय कळणार!’ म्हणून रेडिओचा कान पिळणारा मीही एक. आई गेली त्या साली एका पहाटे धार काढत होतो. हात गुंतलेले, रेडिओ बंद कोण करणार? केसरबाई केरकरांची भैरवी लागली. चरवी भरायच्या आत संपलीसुद्धा. जेमतेम साडेतीन मिनिटं. पण आईसाठी पहिल्यांदा रडलो तो तिथं, गोठ्यात.

केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ म्हणजे आपल्या शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. बाईंची हीच भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. नव्यानं ऐकणाऱ्यांनी हिच्यापासूनच सुरुवात करावी. आता मोबाइलवरही मिळते. पुढं खाँसाहेबांच्याच घराण्यातले मल्लिकार्जुन मन्सूर आहेतच. राग ओळखता येत नाही, हे कारण मात्र सांगू नका. मला अजून येत नाही.