डिस्पोजलची गाडी

‘डिस्पोजल’ हा शब्द आमच्या पिढीला इंग्रजी वाटतच नाही. १९४५ मध्ये दुसरं महायुद्ध संपलं आणि दोस्त सैन्याच्या जीपा, ट्रक, जनरेटर असं बरंच सामान इथेच विकलं गेलं. तेव्हापासून फौजेने काढून टाकलेली कोणतीही वस्तू म्हणजे डिस्पोजल!

ऐंशीच्या दशकात आमच्या दादांनी घाटंजीत असाच एक शक्तिमान ट्रक आणला. नात्यातल्या बऱ्याच जणांना तो आठवत असेल. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने हे ट्रक १९५९ पासून जबलपूरला बनू लागले. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळत असल्याने जंगलातल्या कुपातून सागवान काढायला गाडी बहाद्दर. सोबत मिलिटरीचा एक जनरेटरही घेतला होता. वीज गेली की लग्नाच्या मांडवातून त्याला बोलावणं येई.

गाडी स्वस्तात मिळाली, पण तेवढ्यासाठीही वहिनींच्या दोन पाटल्या मोडल्या. पहिली काही वर्षं कमाई चांगली झाली. आमच्या धाकट्या बहिणीचं लग्न त्यातच निघालं. पुढे मात्र डिझेल आणि दुरुस्ती यांनी घर पोखरलं. एकेका सुट्या भागासाठी दादा नागपूर, जबलपूर करत. नव्वदच्या दशकात फौजेत अशोक लेलँडचे स्टॅलियन आले आणि शक्तिमान मागे पडत गेला. दादांचं एकच पालुपद, “मिलिटरीचा माल आहे, दणकट आहे.”

वहिनी चौथी शिकलेल्या, पण हिशेबाची वही त्यांच्याकडे. एका दिवाळीला त्यांनी ती दादांपुढे ठेवली आणि म्हणाल्या, “फौजेले सोडता आली, तुमाले काहून सोडता येत नाई?”

दादा गप्प झाले. खरंच आहे हो. गाडी बंद पडेपर्यंत फौज थांबत नाही. ठरावीक वर्षं, ठरावीक किलोमीटर झाले की तिचा विचार होतो. आपण घरी असा हिशेब कुठे करतो? जीव जडतो, आणि त्याची किंमत घरातलं दुसरंच कुणी मोजतं.

ट्रक भंगारात वजनावर गेला. त्या पैशांत वहिनींची एक पाटली झाली. दुसरी राहिलीच.

आता हे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर होतात. पुतण्या रात्री मोबाइलवर जुन्या गाड्या बघत बसतो. मी त्याला अडवत नाही. एवढंच सांगतो, बाबा, गाडी घे, पण कोणत्या दिवशी सोडायची ते घेतानाच आईच्या वहीत लिहून ठेव.