सोडलेल्या सळया

सत्तर हजारांत गेमिंग पीसी बसवायचा म्हटलं, की आधी यादी करावी लागते ती न घ्यायच्या वस्तूंची. रंगीत दिवे नकोत. काचेचं भारी कॅबिनेट नको. वॉटर कूलिंग तर नकोच, प्रोसेसरच्या डब्यात येतो तो पंखा पुरतो. एवढी काटछाट करूनही एक खरा पेच उरतोच. ऑगस्ट २०२४ मध्ये मी त्या पेचात तीन आठवडे अडकलो होतो.

सत्तर हजार साठवायला मला दीड वर्ष लागलं होतं. नोकरी कंत्राटी, करार मार्चपर्यंतचा.

एक रस्ता जुन्या एएम४ सॉकेटचा. रायझन ५ ५६००, स्वस्त मदरबोर्ड, डीडीआर४ रॅम, आणि वाचलेले दहाएक हजार घालून आरटीएक्स ४०६०. दुसरा रस्ता एएम५ चा. रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, डीडीआर५ रॅम, आणि उरलेल्या पैशांत रेडिऑन आरएक्स ६६००. गेम पळवतं ते मुख्यतः ग्राफिक्स कार्ड. म्हणजे पहिल्या रस्त्याने पहिल्याच दिवसापासून जास्त फ्रेम्स. दुसऱ्याने आज कमी, पण पुढे वाढायला जागा.

प्रोसेसर ज्यात बसतो तो सॉकेट. तो बदलला की मदरबोर्ड बदलावा लागतो, बऱ्याचदा रॅमही. एएम४ आला २०१६ मध्ये. २०१७ मध्ये त्यावर साधा रायझन घेतलेल्या बऱ्याच जणांना पाच वर्षांनी, बायॉस अपडेट करून, त्याच बोर्डावर ५८००एक्स३डी बसवता आला. पण आता ती गाडी शेवटच्या स्टेशनाजवळ आली होती. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ, असं एएमडीने त्याच जूनमध्ये जाहीर केलं होतं.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. ते हसले. "म्हणजे तूपण सळया सोडणार."

गावच्या आमच्या घराच्या स्लॅबवर कॉलमच्या सळया सोडलेल्या आहेत, मी दुसरीत होतो तेव्हापासून. वर मजला चढवायचा होता. मग ताईचं लग्न, आजीचं ऑपरेशन, माझ्या डिप्लोमाची फी. सळया गंजल्या. आई त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालते.

"मग वाया गेल्या ना?" मी विचारलं.

"सळया गेल्या. पण वरचा मजला धरून पाया घातलेला. तो कुठं गेला? पावसाळ्यात बाकीच्यांच्या भिंतींना भेगा पडतात, आपल्या नाही."

त्यावरून माझा हिशोब बसला. पुढे वाढलं नाही तरी आज उपयोगी पडेल, तिथेच जास्त पैसे घालायचे.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी कॉम्प्युटरवाल्यांसाठी तो लॅमिंग्टनच. दुकानदार म्हणाला, "साडेचारशे वॅटचा सप्लाय पुरेल, दोन हजार वाचतील." आजच्यापुरतं त्याचं बरोबर होतं, आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात. मी साडेसहाशेचा ब्राँझ घेतला. पुढचं कार्ड तो पेलेल, आणि तोवर पूर्ण ताण न येता चालेल. रॅमची सोळा जीबीची एकच पट्टी घेतली. दोन पट्ट्यांची जोडी वेगाने चालते हे खरं, पण आठ-आठच्या दोन घेऊन उद्या त्या विकत बसण्यापेक्षा तसलीच दुसरी पुढच्या एखाद्या पगारातून घेणं परवडणार होतं. बोर्ड निवडताना एसएसडीसाठी दुसरा एम.२ स्लॉट आहे ना, तेवढं पाहिलं.

मार्चमध्ये करार वाढला नाही. नवी नोकरी लागायला चार महिने गेले. दुसरी पट्टी अजून आलेली नाही, तो स्लॉट रिकामा आहे. १०८०पी वर सेटिंग थोडं खाली ओढलं की गेम मजेत चालतात, आणि त्या चार महिन्यांत पीसीवर एक रुपयाही खर्च झाला नाही.

हल्ली कोणी यादी मागितली, की मी आधी विचारतो, "पुढच्या दोन-तीन वर्षांत यात आणखी पैसे घालशील, असं तुला वाटतं का?" उत्तर 'नाही' असेल तर एएम४ घे, मोठं कार्ड घे आणि खेळ. त्यात कमीपणा काही नाही. 'हो' असेल तर एएम५ घे आणि छोट्या कार्डावर दिवस काढ. पॉवर सप्लाय मात्र दोन्हीकडे चांगलाच घे. पायात लोखंड कमी घालायचं नसतं.