बाबा, आम्ही आणि एक बारीक तार

मंडळाच्या २०२३ च्या दिवाळी कार्यक्रमाहून परतताना आमची गाडी सिग्नलला तीनदा बंद पडली. मागे घडीच्या खुर्च्या आणि चकल्यांचे रिकामे डबे, शेजारी बाबा. आई गेल्यावर बाबा प्रथमच इकडे आले होते आणि दोन महिने खिडकीपाशी गप्प बसून होते.

गॅरेजवाल्याने कोड वाचला : पी-०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. "हवा मोजणारा सेन्सर बदला. साडेतीनशे डॉलर." आम्ही होकार देणार तोच बाबा म्हणाले, "बदलायच्या आधी उघडून तरी बघ की!" तीस वर्षे त्यांनी सांगलीत एस.टी.च्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या.

रविवारी बॉनेट उघडले. बाबांनी आधी फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळीवरून बोटे फिरवली. तिथे चीर असेल तर न मोजलेली हवा आत शिरते. नळी ठणठणीत होती. मग गाडी बंद करून सेन्सरचा प्लग काढायला लावला. पुन्हा सुरू केली तर स्थिर चालली! सेन्सर नसला की कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल देतो. म्हणजे खोटी साक्ष सेन्सरच देत होता.

दोन स्क्रू काढले. आत केसासारखी तार, तिच्यावर धुळीचे पुट.

"ही काय करते रे?"

आम्ही सांगू लागलो. तार विजेने तापवलेली असते, वाहती हवा तिला थंड करते. ती गरम ठेवायला किती वीज लागते, त्यावरून हवा मोजतात. पुट चढले की तार कमी थंड होते; हवा कमी भासते, पेट्रोलही कमी सुटते. सांगता सांगता आम्हीच ओशाळलो. प्रयोगशाळेतल्या आमच्या गॅस क्रोमॅटोग्राफच्या डिटेक्टरमध्येही अशीच तापलेली तार! आणि धूळ शिरली ती आम्हीच फिल्टर बदलताना झाकणाची क्लिप नीट न लावल्यामुळे. पीएच.डी.चा एवढाच उपयोग झाला, की अ‍ॅसिटोन वापरायचा मोह आवरला. प्लॅस्टिक खराब झाले असते.

यासाठीच मिळणारा दहा-बारा डॉलरचा स्प्रे आणला. तारेला बोट वा कापूस न लावता फवारे मारले, तासभर वाळवले, जोडले, क्लिप लावली. गाडी पुन्हा बंद पडली नाही.

त्या रात्री जेवताना बाबा डेपोतल्या गोष्टी सांगू लागले. मग, आई गेल्यापासून प्रथमच, तिच्याही.

मंडळी, आईवडील आले की आपण त्यांना नायगारा दाखवतो. एखादे बिघडलेले यंत्रही दाखवून पाहावे.