चायना ग्रास

पाकिटावर ‘हलाल’ दिसलं की आपण निर्धास्त होतो. पण दुबईहून आलेले मार्शमेलो वर्गात वाटायला माझा हात धजत नाही. हलाल असलं तरी जिलेटिन जनावराच्या कातडी-हाडांचंच, आणि माझ्या वर्गात जैन, माळकरी घरांतली मुलंही आहेत. हिरव्या ठिपक्याची, पेक्टिनची जेली मिळते. पण पन्नास मुलांचा हिशेब केला की महिनाअखेर आठवते.

अम्मीकडे तोडगा होताच. चायना ग्रास, म्हणजे लाल समुद्रशेवाळाचं अगर. 10 ग्रॅम साधारण लिटरभराला पुरतं. आधी पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचं, मगच गरम दुधात; घाई केली तर गाठी. दूध नको असेल तर नारळाचं दूध, नाहीतर नुसतं गुलाबाचं सरबत. पुण्याच्या एप्रिलात जिलेटिन पाझरतं, हे फ्रिजबाहेरही थिजलेलं राहतं. याच गुणामुळे 1881 मध्ये जर्मनीत फॅनी हेसे यांनी जंतू वाढवायला अगर सुचवलं. (कॉखच्या 1882 च्या निबंधात अगर आहे, बाईंचं नाव नाही!)

ईदनंतर शाळेत शिरखुर्म्यासोबत मी याच्या गुलाबी वड्या नेते. झाकणावर काय काय घातलंय ते मराठीत आणि उर्दूत लिहिते. मुलं आधी ते वाचतात, मग डबा रिकामा करतात.