जर्नल

‘जर्नल’ हा शब्द आमच्या शाळेत फार स्वस्त आहे. जूनमध्ये तो वह्या-पुस्तकांच्या यादीत असतो, प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की त्याची धावपळ सुरू होते, आणि परीक्षा संपली की तो रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन बसतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची, त्यामुळे आमचे जर्नल उजवीकडून उघडते. मकसद, सामान, तरीका, मुशाहिदा, नतीजा अशी त्याची पाच खणांची मांडणी. मराठी शाळेत त्यालाच उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान म्हणतात. भाषा कोणतीही असो, मुले मात्र पहिला आणि शेवटचा खण आधी भरतात. निरीक्षण राहिलेच तर शेजारच्या वहीतून येते.

रसायनशास्त्राच्या प्राध्यापकालाही जर्नलच लागते. त्याने केलेले संशोधन जिथे छापून येते त्या नियतकालिकालाही जर्नलच म्हणतात. खण साधारण तेच. मी काय शोधत होतो, काय घेतले, कसे केले, काय पाहिले, त्यावरून काय ठरवले. हे सगळे अशा रीतीने लिहायचे की हजारो कोस दूर बसलेल्या अनोळखी माणसाने वाचून तसेच करावे आणि त्यालाही तेच दिसावे. दिसले नाही तर त्याने विचारावे. प्राध्यापकाची अब्रू या एका गोष्टीवर टिकून असते.

याचे एक चांगले उदाहरण आमच्या भिवंडीच्या धंद्याशी नाते सांगणारे आहे. १९३३ साली लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात के. वेंकटरमण नावाचे प्राध्यापक रसायनशास्त्र शिकवत होते. झाडाफुलांत फ्लॅव्होन नावाची पिवळी रंगद्रव्ये असतात, ती प्रयोगशाळेत तयार करण्याच्या खटपटीत त्यांना आणि एच. एस. महल यांना एक नवी अभिक्रिया सापडली. बंगळूरहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी ती छापली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनाही स्वतंत्रपणे तीच अभिक्रिया सापडली होती. आज जगभरच्या पुस्तकांत तिला ‘बेकर–वेंकटरमण पुनर्रचना’ म्हणतात. एक माणूस विलायतेत, दुसरा लाहोरच्या कॉलेजात. दोघांनी जे पाहिले ते नीट लिहिले, म्हणून दोघांची नावे एका ओळीत राहिली. लेखावर महल यांचे नाव वेंकटरमण यांच्या आधी आहे. आम्हा शिक्षकांना ही बाब विशेष मोलाची वाटते.

पुढे वेंकटरमण मुंबईला आले. गिरण्यांना कापडाची रसायनविद्या जाणणारी माणसे हवी होती, म्हणून मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्येच रसायन तंत्रशास्त्राचा विभाग सुरू केला होता. माटुंग्याची आजची आयसीटी ती हीच. १९३८ मध्ये वेंकटरमण तिचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरील त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या रंगतज्ज्ञांनी ते हाताशी ठेवले. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही पहिले भारतीय संचालक झाले. भिवंडीच्या मागांवरून उतरणारे बरेचसे कापड कोरे, म्हणजे ‘ग्रे’, बाहेर जाते आणि दुसऱ्या गावी जाऊन रंगते. त्या रंगामागचे शास्त्र भिवंडीपासून दीड-दोन तासांच्या वाटेवर शिकवले जाते, हे आमच्या मागवाल्यांच्या मुलांना कोणी सांगत नाही. आम्ही सांगतो. फागुनात दिघाशीकडे पळस फुलतो, त्याच्या पाकळ्या उकळून पिवळे पाणी काढून दाखवतो, आणि हे रंगद्रव्य फ्लॅव्होनच्याच मोठ्या खानदानातले आहे, हेही सांगतो.

पण जर्नल नावाच्या या इमारतीला वाळवीही लागली आहे. नोकरीसाठी, बढतीसाठी अमुक इतके शोधनिबंध हवेत असा नियम आला, तशी पैसे घेऊन काहीही छापणारी दुकाने निघाली. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके एकदम काढून टाकली. लोक हळहळले की उच्च शिक्षणात असे कसे झाले. आम्हाला फारसे नवल वाटले नाही. ज्या मुलाने दहावीत न पाहिलेले निरीक्षण लिहून सही मिळवली, त्याच्या हाती पुढे मोठे जर्नल आले, एवढेच.

मागे आमच्या दहावीच्या वर्गात मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवण्याचा प्रयोग होता. मोरचुदाला आमची मुले नीला थोथा म्हणतात. पुस्तकाप्रमाणे खिळ्यावर तांब्याचा लालसर थर चढतो आणि निळे द्रावण फिके होऊन हिरवट दिसू लागते. तास संपला तेव्हा चाळीस वह्यांपैकी एकोणचाळीस वह्यांत ‘सब्ज़ी माइल’, म्हणजे हिरवट, असे लिहिलेले होते. एका मुलीने लिहिले होते, ‘कील पर सुर्ख़ परत आई. महलूल नीला ही रहा.’

दुसऱ्या दिवशी तिची अम्मी शाळेत आली. नवरा लूमवर बारा तासांच्या पाळीत, ती घरी धागे तोडण्याचे काम करणारी. म्हणाली, “टीचर, सबने हरा लिखा है, मेरी बच्ची ने नीला. नंबर तो नहीं कटेंगे ना?” प्रात्यक्षिकाचे वीस गुण असतात. त्या वीस गुणांवर विज्ञान शाखेचा प्रवेश अडू शकतो, हे त्या बाईला आमच्याइतकेच ठाऊक होते. एका सहकाऱ्यानेही सुचवले की खोडून हिरवा लिहायला सांगा, बाहेरून येणारे परीक्षक वाद ऐकत बसत नाहीत.

आम्ही परीक्षानळ्या ठेवलेल्या खिडकीपाशी सगळा वर्ग नेला. सुदैवाने शिपायाने त्या धुतल्या नव्हत्या. रात्रभरात निळा रंग बराच उतरला होता, किंचित हिरवी झाक आली होती. आम्ही विचारले, काल तासाच्या शेवटी कोणाच्या नळीत हिरवा दिसला होता? एकही हात वर आला नाही. द्रावण दाट होते, खिळा एकच, वेळ थोडा. इतक्या लवकर रंग बदलणे शक्यच नव्हते. मुलीने पहिली ओळ न खोडता खाली दुसरी लिहिली: दिवस, वेळ, ‘नीला रंग हल्का, ज़रा सा सब्ज़.’ परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी ते पान उलटले, सही केली, काही बोलले नाहीत. गुण कापले गेले नाहीत. कापले गेले असते तरी तिच्या बाजूने बोलायची आमची तयारी होती.

विल्यम पर्किन अठरा वर्षांचा होता तेव्हा, १८५६ मध्ये, क्विनीन बनवायला बसला होता. हाती आला काळा गाळ. तो फेकून न देता त्याने पाहिला, त्यातून जांभळा रंग निघाला आणि कृत्रिम रंगांचा सारा उद्योग त्यातून उभा राहिला. पुस्तकातले उत्तर उतरवणाऱ्या मुलाला तो गाळ दिसलाच नसता.

ती मुलगी आता अकरावीला विज्ञान शाखेत आहे. तिथे उन्सुरचे एलिमेंट झाले, मुरक्कबचे कंपाउंड झाले. सुरुवातीचे काही महिने तिला शब्दांशी झुंजण्यातच घालवावे लागतील. निरीक्षणाचा खण मात्र ती घरून भरून नेणार नाही, एवढा भरवसा आम्हाला आहे. आता आमच्या वर्गात जर्नल घरी न्यायचे नाही, प्रयोग झाला त्याच तासाला लिहायचे, असा नियम केला आहे. पालकांना एकच विनंती. परीक्षेनंतर मुलांची जर्नले रद्दीत घालण्याआधी एकदा मुशाहिद्याचे पान उघडून पाहा, आणि हे तू स्वतः पाहिले होतेस का, एवढेच त्यांना विचारा.