घरचे पालक-पनीर आणि हॉटेलच्या चवीची अपेक्षा

महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत पनीर हे पंजाबी पद्धतीच्या हॉटेलांच्या मार्गाने आले, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्याभोवतीच्या अपेक्षांचा उलगडा होत नाही. पारंपरिक मराठी स्वयंपाकात दही, ताक, लोणी, तूप, खवा, चक्का आणि खरवस हे सारे होते; नासलेले दूध मात्र साखर घालून, आटवून कसेबसे संपवायचे असे, ते मुद्दाम नासवून त्याची भाजी करण्याची रीत येथे नव्हती. त्यामुळे आमटीची वा पिठल्याची चव जशी घरातील कुणाच्या तरी हाताशी जोडलेली असते, तशी पनीरच्या भाजीची चव कोणत्याच मराठी घराशी जोडलेली नाही आणि ती घरी केली की ‘हॉटेलसारखी झाली का’ हा प्रश्न पहिल्या घासालाच विचारला जातो.

प्रस्तुत लेखिकेच्या पुण्यातील घरी पालक-पनीरचा बेत ठरला की या प्रश्नाला आणखी एक फाटा फुटतो. सासूबाईंच्या दृष्टीने पालक म्हणजे हरभऱ्याची डाळ व शेंगदाणे घातलेली, ताकाला बेसन लावून केलेली पातळ भाजी. मुलांच्या दृष्टीने तो गर्द हिरवा, वर सायीची रेघ ओढलेला, नानबरोबर येणारा पदार्थ. एकाच कढईने दोन्ही मागण्या पुऱ्या कराव्यात ही अपेक्षा अवाजवी आहे, हे स्वयंपाक करणारीला कळत असले, तरी ते घरच्यांना कळावे यासाठी हॉटेलातील भाजी मुळात कशी बनते, हे आधी पाहावे लागते.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात कांदा, टोमॅटो, काजू यांच्या ग्रेव्ह्या, म्हणजे पुढे अनेक भाज्यांना पाया म्हणून वापरायची वाटणे, आधीच शिजवून तयार असतात आणि मागणी येताच त्यांतील एखादी प्रखर आचेवर परतून, लोणी व क्रीम घालून काही मिनिटांत भाजी वाढली जाते. तिचा गुळगुळीतपणा आणि जिभेवर रेंगाळणारी चव यांचा मोठा वाटा स्निग्धांशाचा असतो. तेवढे लोणी घरच्या रोजच्या जेवणात कोणी घालणार नाही आणि घालूही नये, असे लेखिकेचे स्पष्ट मत आहे.

घराचे बलस्थान वेगळे आहे आणि ते ताज्या पनीरमध्ये आहे. पनीर म्हणजे तापवलेल्या दुधात आम्ल घालून साकळलेला व पाणी दाबून काढलेला गोळा. चक्काही आम्लामुळेच घडतो, परंतु तेथे आम्ल विरजणातून सावकाश तयार होते व उष्णता नसते. पनीर करताना दूध खूप तापल्यामुळे एरवी पाण्याबरोबर निघून गेली असती अशी काही प्रथिनेही केसिन या दुधातील मुख्य प्रथिनाला चिकटतात, आणि या घडणीमुळेच पनीर तव्यावर टाकले तरी वितळत नाही. म्हशीच्या दुधात स्निग्धांश आणि केसिन दोन्ही अधिक असल्याने त्याचे पनीर भरीव होते, आणि एक लिटरपासून साधारण 200 ग्रॅम मिळते. दूध उकळून किंचित निवू द्यावे, लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घालावा आणि हिरवट-पिवळे पाणी वेगळे दिसताच थांबावे, कारण उकळत्या दुधात रसाचा मारा केल्यास पनीर घट्ट व आंबट होते. फडक्यात बांधून अर्धा तास वजनाखाली ठेवलेले असे पनीर तळण्याची गरजच उरत नाही. तळल्याने आणि रश्शात फार वेळ उकळल्याने प्रथिने आक्रसून पाणी सोडतात व तुकडे रबरासारखे होतात. फ्रीजमधील विकतचे पनीर असेल तर ते कोमट मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवावे, एवढा उपाय पुरतो.

रंगाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण मुले भाजी आधी डोळ्यांनी पारखतात. पालकाचा हिरवेपणा हरितद्रव्यामुळे असतो. त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते आणि उष्णतेबरोबर आम्ल मिळाले की ते निखळून रंग मळकट, खाकी होतो. झाकण ठेवून शिजवलेला पालक याच कारणाने काळवंडतो, कारण पानांतून सुटणारी आम्ले वाफेबरोबर बाहेर जाऊ शकत नाहीत. म्हणून पाने भरपूर उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच थंड पाण्यात काढावीत, वाटण शेवटी घालावे आणि टोमॅटो हात राखून वापरावा. अशा उकळण्यात काही ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात जाते हे खरे. मात्र दातांना जाणवणारा ऑक्झॅलेटचा तुरटपणाही त्याबरोबर कमी होतो.

एवढे करूनही भाजी हॉटेलसारखी होत नाही, आणि लेखिकेच्या घरी ही गोष्ट आता ताट वाढण्याआधीच सांगितली जाते, कारण ‘आज पंजाबी बेत’ असे जाहीर केले की तुलना अटळ होते. ‘घरचे ताजे पनीर आणि पालक’ असे म्हटले की मुले पनीरचा तुकडा आधी नुसताच मागतात. सासूबाईंसाठी वाटणाआधी काढून ठेवलेल्या पालकाला डाळ-दाण्यांची जोड देऊन ताकातली पातळ भाजी वेगळ्या पातेल्यात होते. त्याला वेळ अधिक लागतो, पण जेवणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाची आवड हीदेखील त्या ताटावरची न्याय्य अपेक्षा आहे. दोन्ही भाज्यांबरोबर ज्वारीची भाकरी चालते, आणि पनीरच्या निथळलेल्या पाण्यात कणीक भिजवल्यास दुसऱ्या दिवशीच्या पोळ्याही मऊ होतात.